सुराची घरघर

प्रत्येक ऑफिसमध्ये एक तरी गिटारवाला असतोच. दिवसभर कोडिंग, रात्री कॉर्ड्स. आमच्या टीममधल्या गिटारवाल्याने मध्यंतरी एक पेडल घेतलं. साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठं, वर चार-पाच नॉब आणि पायाने दाबायचं एक बटण. किंमत ऐकून मला माझ्या बाइकचा ईएमआय आठवला. म्हटलं, असं करतं तरी काय हे? तर म्हणाला, ‘‘आवाज खराब करतं!’’ आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू.

तो चेष्टा करत नव्हता. या प्रकाराला लो-फाय मॉड्युलेशन म्हणतात. गिटारचा स्वच्छ सूर आत जातो आणि बाहेर येतो तो किंचित डुलत, जुन्या कॅसेटसारखा. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने सरकायला हवी. प्लेअरमधला रबरी पट्टा सैल पडला की वेग कमी-जास्त होतो आणि त्याबरोबर सूरही वर-खाली होतो. एलपीचं भोक नेमकं मध्यावर नसेल तरी तेच. मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेऱ्या, म्हणजे दर १.८ सेकंदाला एक हेलकावा. संथ हेलकाव्याला इंजिनिअर मंडळींनी ‘वॉव’ म्हटलं, जलद थरथरीला ‘फ्लटर’. त्यांनी या दोघांना नावं दिली आणि भरपूर नावं ठेवलीही. ते घालवण्यासाठी कित्येक वर्षं खपले. १९८२ मध्ये सीडी आली आणि दुखणं मिटलं.

आता आपण तेच दुखणं पैसे मोजून परत आणतोय! एका पेडलचं नावच ‘वार्प्ड व्हिनाइल’, म्हणजे वाकडी झालेली रेकॉर्ड. दुसरं ‘जनरेशन लॉस’. मित्राच्या कॅसेटवरून आपण कॅसेट भरायची, आपल्यावरून तिसऱ्याने, असं करता करता आवाज जसा विरत जातो, तसा तो विरवून देणारं.

आतला फंडा सोपा आहे. पेडल सूर काही मिलिसेकंद अडवून ठेवतं आणि अडवण्याची ही वेळ सतत बदलत राहतं. त्यामुळे सूर चढतो-उतरतो. ‘रेट’चा नॉब हेलकावा किती भरभर ते ठरवतो, ‘डेप्थ’चा किती खोल ते. वरच्या टोकदार पट्ट्या थोड्या छाटल्या की आवाज ‘वॉर्म’ झालाच.

पण मला भावली ती वेगळीच गोष्ट. यातल्या बऱ्याच आवाजांच्या मुळाशी काहीतरी खरंखुरं फिरत होतं. टेपचं रीळ, रेकॉर्डची तबकडी. लेस्ली स्पीकरमध्ये तर आवाज फेकणारा कर्णाच गरगर फिरायचा. १९६६ मध्ये बीटल्सनी जॉन लेननचा आवाज त्यातून काढला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये युनि-व्हाइब आलं. त्यात फिरणाऱ्या स्पीकरचा भास एक लुकलुकणारा दिवा करायचा. जिमी हेंड्रिक्सने १९६९ ला वुडस्टॉकमध्ये ते वापरलं. म्हणजे फिरणारी वस्तू गेली, तिचं डुलणं तेवढं उरलं.

हे सगळं डोक्यात नीट बसलं ते वेल्ह्यात. सातारा रोडने निघालो, चेलाडी फाट्याला वळलो, भोर तालुक्यातलं नसरापूर मागे टाकलं, मार्गासनीला चहा मारला आणि राजगडच्या पायथ्याजवळ मुक्काम केला. रात्री अंगणात आमच्या गिटारवाल्याने बॅटरीवरचा छोटा अॅम्प लावला. घरच्या आजी पडवीत बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘‘जात्यावर बसलं की आवाज असाच हालतो बघा.’’

जातं पडवीतच होतं. आता ते फक्त लग्नात हळदीपुरतं निघतं. आम्ही आग्रह केला तेव्हा त्यांनी आधी मूठभर नाचणी मागवली. जातं रिकामं फिरवायचं नसतं म्हणे. मग खुंटा धरला आणि ओवी सुरू केली. खुंटा पुढे ढकलताना आवाज दाबला जायचा, अंगाकडे ओढताना मोकळा व्हायचा. एका फेरीला एक लाट. इथे रेट त्यांच्या दमाचा होता आणि डेप्थ दगडाच्या वजनाची.

मी म्हटलं, ‘‘आजी, त्या दिवसांची आठवण येत असेल ना?’’ त्या हसल्या. ‘‘खांद्यांना येती. गिरणी आली तवा पहाटंची झोप मिळाली, पोरांनो.’’

यावर आम्ही सगळेच गप्प. आपल्याला जो हेलकावा ‘वॉर्म’ वाटतो, त्यात कुणाची तरी मोडलेली झोप असते. जात्याला घरघर लागली याचं आपल्याला वाईट वाटतं. ते ओढणाऱ्या बाईला ती सुटका होती. ओव्या मागे पडल्या हे नुकसान खरंच, पण त्या जिवंत राहाव्यात म्हणून कुणी पुन्हा पहाटे उठून दळावं असं थोडंच आहे?

सुदैवाने ओव्या सगळ्या हरवलेल्या नाहीत. गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांमधल्या बायकांबरोबर काम करता करता त्या गोळा केल्या. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं आणि आकडा एक लाखाच्या वर गेला. बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात त्यातल्या कित्येक रेकॉर्डही केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट ऐकायला मिळतात. हे नाव असणं मला फार मोलाचं वाटतं. पेडलमध्ये ते नसतं.

पेडल जरूर घ्या, मस्त वाजवा. पण पुढच्या वीकेंडला राजगड उतरून परतताना खेड शिवापूरच्या टोलच्या रांगेत अडकलात, की गाडीत एक ओवी लावा. हेलकावे मोजा. मग तुमच्या ‘रेट’च्या नॉबला हात लावा.