दोन पट्ट्यांच्या मधे

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरातल्या वस्तूंची वार्षिक परीक्षाच. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येते, हिच्यासमोर उभी राहते आणि ‘ठेवायची की काढायची?’ या एका प्रश्नावर तिचा निकाल लागतो. यंदा जुना आकाशकंदील पास झाला, पितळी स्टोव्हही कसाबसा सुटला. अडकली ती अण्णांची पेटी.

“वीस वर्षांत कुणी हात लावला नाही तिला,” ही म्हणाली. “शेजारच्या भजनी मंडळाला हवी आहे. देऊन टाकू या.”

मी काहीच बोललो नाही. पेटीवरची धूळ तेवढी पुशीत राहिलो.

वाचकहो, या पेटीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून वाजवायचे, म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्यांचे. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागच्या बाजूला आणून हाताशी दिला आणि साहेबाची पेटी आपल्या सतरंजीवर येऊन बसली. तिच्या पोटात पितळेची जी थरथरती पट्टी असते, तसली मोकळी पट्टी चीनच्या बांबूच्या ‘शेंग’ वाद्यात (शेवग्याची नव्हे!) फार पूर्वीपासून होती. अठराव्या शतकात ती युरोपने पाहिली आणि उचलली. म्हणजे ही पूर्वेचीच लेक. पश्चिमेला जाऊन, वेष पालटून परत आली एवढेच.

महाराष्ट्राने तिचे लाड केले. ‘मानापमान’ला १९११ साली चाली देणारे गोविंदराव टेंबे हे नामांकित पेटीवादकच होते. पण जाणत्यांना ती खुपत होती, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सप्तकाचे १२०० सारखे भाग कल्पिले, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६व्या भागावर येतो; पेटीच्या बारा सारख्या घरांत तो ४००वर बसवलेला असतो. शिवाय पेटीला मींड नाही. गवई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटी जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखी जाते. रवींद्रनाथांसारख्यांनाही ती मान्य नव्हती. अखेर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले.

त्या बंद दाराचा फायदा आमच्या अण्णांना झाला.

अण्णा कचेरीत कारकून. गिरगावात आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत फळीवर रेडिओ आणि फळीखाली पेटी. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, तेव्हापासून शनिवारची रात्र अण्णांची. रेडिओवर तंबोरा असे, तबला असे, सारंगी असे, पेटी नसे. अण्णा म्हणत, “एक जागा रिकामी ठेवली आहे त्यांनी,” आणि पेटी पुढे ओढून त्या जागी बसत. गवयाने षड्ज लावला की मान तिरकी करून तो पट्टीवर शोधायचा, आणि मग तास दीड तास साथ. मोठमोठ्या गवयांना आमच्या अण्णांनी साथ केली आहे. गवयांना त्याचा पत्ता नव्हता एवढेच.

कधीकधी मात्र षड्ज सापडतच नसे. काळी एकला धरावा तर उतरलेला, काळी दोनला धरावा तर चढलेला. पांढरी दोनही जुळायची नाही. अण्णांचा हात भात्यावर तसाच राही. आई आतून विचारी, “अहो, आज साथ नाही वाटतं?”

“बुवा दोन पट्ट्यांच्या मधे गातायत,” अण्णा हताशपणे सांगत. आम्ही पोरे हसत असू. गवई मुंबईत नाहीतर दिल्लीत. तो काही अण्णांसाठी वर सरकणार नव्हता.

१९७१ साली बंदी सैल झाली. त्यानंतरच्या एका रात्री रेडिओतून गाण्यामागे पेटीचे सूर आले. अण्णांनी चार आवर्तने वाजवले, मग हात उचलला आणि भात्याची कडी लावली.

“थांबलात का?” आईने विचारले.

“आता ते गृहस्थ आहेत की तिथं,” अण्णा म्हणाले. त्यांना आनंदच झाला होता. पेटीला न्याय मिळाला, असे ते कचेरीत सर्वांना सांगत होते. पण त्यानंतर शनिवारी ते हात मांडीवर ठेवून ऐकत. मी तेव्हा कॉलेजात होतो. न्याय झाला म्हणजे सगळ्यांचे भले होते असे मानण्याचे ते वय. अण्णांचे काय गेले ते मला कळले नाही, आणि कळले तेव्हा अण्णा नव्हते.

हे सारे मी हिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग माळ्यावर ठेवून ती कुणाला साथ करणार आहे?”

याला उत्तर नव्हते. भाऊबीजेच्या संध्याकाळी मंडळाच्या चारपाच बायका आणि त्यांचे पेटीवाले काका आले. भात्याला उंदराने पाडलेले भोक मी आधीच चिकटवून ठेवले होते. काकांनी पट्ट्यांवरून बोटे फिरवली. एक बाई सहज गायला लागल्या. काका क्षणभर थांबले, मान तिरकी करून ऐकू लागले. मी ओळखले. बाई दोन पट्ट्यांच्या मधे गात होत्या.

काकांनी काही न बोलता एक पट्टी धरून ठेवली. बाईंनी ती ऐकली, गाता गाताच किंचित वर सरकल्या आणि सुराला सूर मिळाला.

एवढे एक अण्णांना रेडिओतून कधी मिळाले नव्हते. “घेऊन जा,” मी म्हटले, आणि पेटी खालपर्यंत पोचवायला त्यांच्याबरोबर जिना उतरलो.