रक्तातील अंक आणि मनातील विषाद

गेल्या काही वर्षांत आपल्या चर्चासत्रांतून एक विधान वारंवार कानी पडते. नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, वाढलेले आढळते; तेव्हा आपला ‘आम’ आता प्रयोगशाळेत मोजता येऊ लागला, असे ते विधान होय. त्यावर टाळ्याही पडतात. आपल्या शास्त्राला आधुनिक संशोधनाचा दुजोरा मिळाल्यासारखे वाटले की आनंद होणे स्वाभाविक आहे. तो आम्हालाही झाला होता. परंतु संशोधनाने जे सांगितले त्याहून बरेच अधिक आपण ऐकू लागलो आहोत, आणि त्याचे मोल रुग्णाला चुकवावे लागते, असे आमचे मत झाले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम संशोधनाचे म्हणणे नीट समजून घेऊ. सीआरपीचा शोध १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लावला. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि त्याच्या निर्मितीचा आदेश मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक द्रव्याकडून मिळतो. प्रतिकारशक्तीच्या अशा संदेशांचा नैराश्याशी संबंध असावा, ही कल्पना १९९१ साली स्मिथ यांनी मांडली. पुढे २००९ व २०१० साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि नैराश्याच्या रुग्णांत हे दर्शक सरासरीने वाढलेले असतात, हे बऱ्यापैकी प्रस्थापित झाले. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात नवव्या वर्षी इंटरल्यूकिन-६ अधिक असलेल्यांना अठराव्या वर्षी नैराश्य येण्याचा संभव अधिक दिसला. तो अहवाल २०१४ चा.

सर्वांत बोलका पुरावा मात्र औषधामुळे घडलेल्या नैराश्याचा आहे. त्वचेच्या एका घातक कर्करोगात इंटरफेरॉन-अल्फा हे प्रतिकारशक्तीला चेतवणारे औषध मोठ्या मात्रेत दिले जाई. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात हे औषध घेणाऱ्या, पण नैराश्यरोधक औषध न मिळालेल्या २० पैकी ९ रुग्णांना तीव्र नैराश्य आले. आधीपासून पॅरॉक्सेटिन मिळालेल्या १८ पैकी केवळ २ जणांना आले. शरीरातील क्षोभ मनापर्यंत पोहोचतो, याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

इथवर सर्व आपल्या मनाजोगते आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सहाव्या अध्यायात शारीर व मानस विकार परस्परांचे अनुबंधी होतात असे सांगितलेच आहे. दुसऱ्या अध्यायात तर चिंता, शोक, भय व क्रोध यांनी ग्रासलेल्याचे योग्य मात्रेतील पथ्यकर अन्नही नीट पचत नाही, असा स्पष्ट निर्देश आहे. पण आता नाण्याची दुसरी बाजू पाहू.

अनेक अभ्यासांच्या २०१९ सालच्या एकत्रित विश्लेषणात नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्साच ३ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर सीआरपी असलेला आढळला. म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण या रेषेच्या खालीच होते. उलटपक्षी स्थौल्य, धूम्रपान, हिरड्यांचा विकार, नुकताच येऊन गेलेला ज्वर, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या यांपैकी कशानेही हा अंक वाढू शकतो. मग या अंकाने नैराश्याचे निदान कसे व्हावे? सरासरी ही समूहाची असते. आपल्यासमोर बसलेला रुग्ण हा समूह नव्हे.

याहून महत्त्वाचा धडा अमेरिकेतील २०१३ सालच्या चिकित्साप्रयोगाचा आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे संधिविकारात वापरले जाणारे प्रबळ दाहरोधक औषध योजून पाहिले. एकंदरीत गुण निष्क्रिय द्रव्याहून अधिक आला नाही. ज्यांचा सीआरपी मुळात ५ मिलिग्रॅमच्या वर होता त्यांचा कल सुधारणेकडे दिसला. ज्यांचा कमी होता त्यांना मात्र निष्क्रिय द्रव्यानेच अधिक बरे वाटले. तेच औषध, तोच व्याधी. अवस्था भिन्न, म्हणून परिणामही भिन्न. आपल्या शास्त्राला यात नवल वाटू नये. अवस्था न पाहता केलेली चिकित्सा अहितकर ठरते, हे आपणच शिकवत आलो आहोत. मग या बाबतीत आपणच ते का विसरावे?

या गोंधळाच्या मुळाशी भाषांतरही आहे. ‘इन्फ्लमेशन’ला मराठीत कोणी शोथ म्हणतो, कोणी दाह. शोथ म्हटले की आपल्या मनात सूज उभी राहते, दाह म्हटले की पित्त. त्यात ‘आम’ मिळवला की तीन वेगवेगळ्या संकल्पना एका अंकाखाली कोंबल्या जातात. जिभेवरील लेप, गौरव, अरुची, स्तब्धता, मलाची अवस्था यांवरून ओळखायचा आम निराळा आणि यकृतात तयार होणारे प्रथिन निराळे. दोन्ही एकाच रुग्णात आढळतीलही. पण सोबत आढळणे म्हणजे एकरूप असणे नव्हे. शिवाय विषादाची गणना चरकाने ऐंशी नानात्मज वातविकारांत केली आहे. कृश, निद्राहीन, शुष्क झालेल्या रुग्णाला केवळ ‘सीआरपी वाढला’ म्हणून लंघन व तीक्ष्ण पाचन दिले, तर वाताची काय गत होईल, हे वैद्यांना सांगावयास नको.

येथे आमच्याच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी संधिशूल व अग्निमांद्य घेऊन एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्याकडे आले. सीआरपी वाढलेला होता. आम्ही आमपाचन केले, गुग्गुळकल्प दिले. दोन महिन्यांत अंक उतरला, सांधेही मोकळे झाले. आम्ही तो अहवाल समाधानाने फाइलला लावला. पुढल्या खेपेस त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, ते रात्र रात्र जागे असतात. परवा म्हणाले, आता जगून काय करायचे.” मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या त्यांनी स्वतःहून बंद केल्या होत्या, कारण ‘रक्त आता शुद्ध झाले’ असा आमच्या बोलण्याचा अर्थ त्यांनी घेतला होता. त्याच दिवशी आम्ही त्यांना तज्ज्ञांकडे नेले आणि सुदैवाने ते सावरले. पण दोन महिन्यांत एकदाही आम्ही झोपेविषयी, मनाविषयी विचारले नव्हते. दर्शनाने व स्पर्शाने परीक्षा केली, अहवाल वाचला. प्रश्नपरीक्षा राहिली ती राहिलीच.

औषधविक्रेत्या बांधवांनाही एक विनंती. ‘शरीरातील सूज घटवा, मन प्रसन्न करा’ अशा आशयाचे फलक व तपासणी-पॅकेज दुकानात लावण्यापूर्वी विचार करावा. हरिद्रेवरील प्रयोगांत नैराश्यात काहीसा गुण दिसला आहे, हे खरे. परंतु ते प्रयोग लहान व अल्पकाळाचे आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यास हरिद्रेचे तीव्र सत्त्व देणे जोखमीचे आहे. अश्वगंधेने झोपेच्या गोळ्यांची गुंगी वाढू शकते, आणि तिच्या सेवनानंतर यकृतविकार झाल्याच्या नोंदीही झाल्या आहेत. गिऱ्हाइकाला आधी एवढे विचारावे: दुसरी कोणती औषधे चालू आहेत?

तेव्हा आपण करावे काय? आमच्या मते चार गोष्टी. पहिली, सीआरपीची तपासणी नैराश्याच्या निदानासाठी करू नये. संधिविकार, संसर्ग वा अन्य शारीर व्याधीची शंका असेल तर अवश्य करावी. दुसरी, अहवाल वाचताना एकक पाहावे. प्रतिलिटर व प्रतिडेसिलिटर यांत दसपट अंतर आहे. अंक १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असेल तर आधी संसर्ग वा अन्य तीव्र विकार शोधावा आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. तिसरी, जीर्ण व्याधीच्या प्रत्येक रुग्णाला झोप, रुची, उत्साह आणि जगण्याची इच्छा यांविषयी थेट विचारावे. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. चौथी, चालू असलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या आपल्या शब्दावर कोणी बंद करणार नाही, याची स्पष्ट ताकीद द्यावी व ती केसपेपरवर लिहावी.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसरोग विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आयुर्वेद वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. ही मान्यता मानाची तशीच जबाबदारीची आहे. आपल्यापैकी इतरांना निदान रुग्णास योग्य ठिकाणी पोहोचवता येते. २०२२ पासून चालू असलेली टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व प्रत्येक दुकानात दिसेल असा लावावा.

सत्त्वावजयाला चिकित्सेत स्वतंत्र स्थान देणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. मनाची चिकित्सा मनाची विचारपूस केल्यावाचून होत नाही. रक्तातील अंक काही सांगत असेल तर तो जरूर ऐकावा. पण समोरचा माणूस काय सांगतो आहे, ते त्याआधी ऐकावे, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे.