सात-बाऱ्यावर न दिसणारा बोजा

शहरात जागांचे भाव वाढू लागले, की मोक्याच्या कोपऱ्यावरचा जुना पेट्रोल पंप बिल्डरांच्या नजरेत भरतो. पंप बंद होतो, भोवती पत्र्याचे कुंपण लागते आणि पाहता पाहता सदनिकांच्या जाहिरातीचा फलक झळकतो. त्या फलकावर सारे काही असते. नसते ते एवढेच, की जमिनीखालच्या ज्या पोलादी टाक्यांत तीस-चाळीस वर्षे इंधन साठवले जात होते, त्यांच्या खालच्या मातीचे पुढे काय झाले?

प्रत्येक टाकी गळतेच असे नाही. पण जुने पोलाद गंजते, सांधे सैल होतात. थेंबाथेंबाने होणारी गळती रोजच्या मोजणीत सापडत नाही. उन्हाने झालेली 'घट' म्हणून ती हिशेबात खपून जाते. मातीत मुरलेले पेट्रोल खाली भूजलापर्यंत पोहोचले, की पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर तरंगते. त्यातले बेंझिन मात्र पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर शेजारच्या विहिरीकडे निघते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे अवघी ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

अमेरिकेचे नाव घेतले ते उगाच नव्हे. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराने १९९६ साली आपल्या मुख्य विहिरी बंद केल्या. परिसरातल्या पंपांच्या टाक्यांतून आणि वाहिन्यांतून एमटीबीई नावाचे रसायन पाण्यात उतरले होते. पेट्रोल स्वच्छ जळावे, हवा सुधारावी, म्हणून ते त्यात मिसळत असत. हवेचे भले करायला गेले आणि पाणी नासले! शहराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा हातचा गेला, आणि त्या विहिरींचे पाणी शुद्ध होऊन पुन्हा नळाला यायला सुमारे पंधरा वर्षे लागली.

त्या देशाने १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला आणि १९८६ साली सफाईसाठी निधी उभारला. दर गॅलनमागे सेंटचा दहावा भाग, एवढ्या किरकोळ कराने तो भरतो. आजवर तिथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली असून पाच लाखांहून अधिक ठिकाणांची सफाई पुरी झाली आहे. शोधले म्हणून सापडले, आणि सापडले म्हणून निस्तरता आले, हा त्यातला खरा धडा.

मी बँकेत कर्जविभाग सांभाळत असे, तेव्हा तारण जमिनीचा तीस वर्षांचा टायटल सर्च मागवत असू. सात-बारा, फेरफार, बोजा, वारसांच्या सह्या, सारे डोळ्यांत तेल घालून तपासायचे. कागदावर तीस वर्षे मागे जाणारे आम्ही जमिनीत तीन फूट खाली कधी डोकावलो नाही; तसे विचारणारा रकानाच कोणत्या अर्जात नव्हता. अमेरिकी बँकांना ही सवय न्यायालयाने लावली. १९८६ साली मेरीलँडमधल्या एका बँकेने थकीत कर्जापोटी ताब्यात घेतलेल्या जमिनीच्या सफाईचा खर्च तिच्याच माथी बसला. ती जागा पंपाची नव्हती, विषारी कचऱ्याची होती. पण शहाणपण सगळ्यांनाच आले. आता तिथे व्यापारी जागेवर मोठे कर्ज देण्यापूर्वी तिचा पूर्वेतिहास तपासून घेण्याची रीतच पडली आहे.

ही तपासणी काही गूढविद्या नव्हे. आधी जुने नकाशे, परवाने आणि आसपासच्या वृद्धांच्या आठवणी. मग जमिनीत टाकी उरली आहे का, हे यंत्राने पाहायचे. नंतर ठिकठिकाणी भोके पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती घ्यायची, आणि निदान तीन निरीक्षण-विहिरी खणायच्या. त्यांतल्या पाण्याच्या पातळीवरून भूजलाच्या वाहण्याची दिशा कळते. नमुने घट्ट बंद करून, थंड ठेवून प्रयोगशाळेत जातात. महाराष्ट्रात एक अडचण अधिक. आपला बहुतेक भूभाग काळ्या बसाल्टचा. त्यात पाणी भेगाभेगांतून वाट काढते, त्यामुळे ते कुठे निघेल याचा नुसता अंदाज बांधून भागत नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. संशयित जागांची यादी स्थानिक यंत्रणेने करायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि ज्याने घाण केली त्याने सफाईचा खर्च सोसायचा, असे हे सूत्र आहे. स्वागतार्हच आहे. पण बंद पडून कुंपणाआड गेलेल्या पंपाचा संशय घ्यायचा कोणी? जाणारा मालक बोलणार नाही, येणाऱ्याला घाई असते, आणि सदनिका घेणारा बिचारा नमुना-फरशी पाहण्यात दंग असतो!

उपाय अवघड नाही. इंधनसाठ्याचे परवाने देणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. रद्द झालेल्या परवान्यांची यादी तिथून पालिकांकडे जावी. आणि अशा जागेवर बांधकामाची परवानगी देताना माती व भूजल यांचा अहवाल सक्तीचा करावा. खर्च विकणाऱ्याने करावा. जमीन उघडी असते तेव्हा मातीचे नमुने घेणे आणि गरज पडल्यास ती उपसून काढणे सोपे असते. वर सात मजले चढल्यावर तेच काम भलतेच महागात पडते. बैल गेल्यावर झोपा करण्यात कसला आला शहाणपणा?

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. घर घेताना आपण पार्किंग विचारतो, पाण्याची वेळ विचारतो. त्याच दमात आणखी दोन प्रश्न विचारावेत : या जागेवर पूर्वी काय होते, आणि इथल्या बोअरच्या पाण्यात कधी कोणी बेंझिन तपासले आहे का? उत्तर तोंडी नको, लेखी घ्यावे.