पिल्लाची आई कुठे आहे?

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य प्राणी कल्याण मंडळ



२०१९ च्या पावसाळ्यात मी पंधरा हजार रुपये मोजून लॅब्राडोरचं एक पिल्लू घेतलं. एका मॉलच्या पार्किंगमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यातून. विकणारा म्हणाला, पंचेचाळीस दिवसांचं आहे. डॉक्टरांनी दात पाहिले आणि म्हणाले, जेमतेम महिन्याचं असेल. चौथ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. पार्व्हो. सातव्या दिवशी ते गेलं.

विकणाऱ्याला फोन केला तर तो वाईट बोलला नाही. उलट लगेच म्हणाला, "मॅडम, रिप्लेसमेंट देतो." मिक्सरचं भांडं फुटल्यावर दुकानदार म्हणतो, तितक्याच सहज. मी पत्ता काढून त्याच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि जाळी ठोकून बंद केलेली गॅलरी. त्या गॅलरीत पिल्लाची आई होती. सडं लोंबत होती, पाठीची हाडं मोजता येत होती, कोपरांना घट्टे पडले होते. हिचं हे कितवं वेत, असं मी विचारलं. तो म्हणाला, "माझ्याकडे तिसरं. आधीच्याकडचं माहीत नाही."

आज हे पत्र लिहिते आहे ते त्या उत्तरामुळे.

कायदा नाही, अशी माझी तक्रार नाही. सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने २०१५ मध्ये २६१ वा अहवाल दिला. तो पाळीव प्राण्यांची दुकानं आणि श्वानप्रजनन यांवरच्या नियंत्रणाविषयी होता. त्यानंतर २०१७ मध्ये केंद्राने श्वानप्रजनन व विपणन नियम आणले आणि २०१८ मध्ये प्राणी-दुकानांचे नियम. ते वाचल्यावर मला आश्चर्य वाटलं. लिहिणाऱ्याला कुत्र्यांतलं कळत होतं. प्रत्येक ब्रीडरने राज्य मंडळाकडे, म्हणजे आपल्याकडे, नोंदणी करायची. शुल्क पाच हजार, मुदत दोन वर्षं. अठरा महिन्यांच्या आत मादी लावायची नाही, आठ वर्षांनंतरही नाही. बारा महिन्यांत एकच वेत आणि जन्मात पाचपेक्षा जास्त नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मायक्रोचिप हवी, नोंदवह्या हव्यात.

आठ आठवड्यांच्या अटीला नुसती माया कारण नाही. पिल्लाला आईच्या चिकातून जे संरक्षण मिळतं ते सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागतं आणि लशीने स्वतःची ताकद यायला वेळ लागतो. मधल्या खिंडीत पार्व्हो गाठतो. त्या काळात पिल्लू आईपासून तोडून, गाडीत घालून, नव्या घरच्या फरशीवर ठेवायचं म्हणजे त्याला त्या खिंडीत ढकलणंच. पण महिन्याचं पिल्लू जास्त गोंडस दिसतं, लवकर खपतं, आणि खाण्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी जातो.

आता बाजाराचा हिशेब पाहा. मादी साधारण सहा महिन्यांनी हीटवर येते. नियमाप्रमाणे वर्षाला एक वेत, प्रत्यक्षात दोन. लॅब्राडोरला एका वेतात सात-आठ पिल्लं सहज होतात. माझ्या पिल्लाच्या भावाने धरलं तर एका वेताचे लाखाच्या वर होतात. आणि पकडला गेला तर? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. चौकीतल्या हवालदारांनीच मला हे हसत सांगितलं होतं. पन्नास रुपयांत आज जेमतेम दोन-तीन वडापाव येतात. ही रक्कम वाढवणं संसदेच्या हातात आहे, हे मला कळतं. त्याबद्दल मी आपल्याशी भांडत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. "पाच वेतं" ही मर्यादा मादीला लागू आहे, पण आपल्या नोंदी ब्रीडरभोवती फिरतात. ऑनलाइन जाहिराती पाहा. "प्रूव्हन फीमेल देणे आहे" असं लिहिलेलं आढळेल. प्रूव्हन म्हणजे एक-दोनदा व्यालेली, पिल्लं जगवणारी. तिला जास्त भाव येतो. दोन-तीन वेतं काढून पहिला माणूस तिला दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येकाच्या वहीत तिचा आकडा पुन्हा एकपासून सुरू होतो. कोणीही खोटं लिहिलेलं नसतं, तरी ती मादी आठव्यांदा गाभण असते. गॅलरीतला तो माणूस कदाचित खरंच बोलत होता. आधीच्याकडचं त्याला माहीत नव्हतं.

म्हणून नोंद मादीच्या चिपला बांधा. एक चिप, एक खातं. हीटवर लावली की तारीख, व्याली की पिल्लांची संख्या, विकली की नव्या मालकाचा नोंदणी क्रमांक. पाचवं वेत झालं की खातं बंद. गायी-म्हशींच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर लसीकरणापासून कृत्रिम रेतनापर्यंत सगळं नोंदवायची सवय आपल्या पशुवैद्यकांना झालेली आहेच.

आणि ते खातं आम्हाला पाहू द्या. तेवढंच. आज पुण्यात मी कुत्रा पाळते तर महापालिकेचा परवाना मला काढावा लागतो आणि सोसायटी त्याची प्रत मागते. ज्याने आठ कुत्री विकली त्याचा क्रमांक मात्र मागून मिळत नाही. मागच्या महिन्यात मी काही विक्रेत्यांना फोन करून मंडळाचा नोंदणी क्रमांक विचारला. बहुतेकांनी उत्साहाने सांगितलं, "केसीआय पेपर आहेत ना!" केनेल क्लब ऑफ इंडिया ही जातींची वंशावळ ठेवणारी संस्था. तिचा कागद म्हणजे पिल्लाची कुंडली, सरकारी परवाना नव्हे. आईला खायला मिळतं की नाही हे त्या कागदावरून कळत नाही. पण गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच वाटतात, आणि पेपरवालं पिल्लू चढ्या भावाने जातं.

आपल्याकडे माणसं कमी आहेत, हा मुद्दा मला मान्य आहे. लम्पी आणि लाळ-खुरकुतामागे धावणाऱ्या डॉक्टरांनी फ्लॅटच्या गॅलऱ्या कधी तपासायच्या? म्हणूनच यादी उघडी करा म्हणते. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार परवानाधारक ब्रीडरला जाहिरातीत परवाना क्रमांक द्यावा लागतो. एप्रिल २०२० पासून तिथे 'लूसीज लॉ' आला. सहा महिन्यांच्या आतलं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू दुकानाने वा मधल्या दलालाने विकायचं नाही. ते थेट पैदास करणाऱ्याकडून किंवा निवारा-संस्थेकडूनच मिळतं, आणि पैदास करणाऱ्याने ते आईसोबत दाखवायचं. लूसी ही वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून २०१३ मध्ये सोडवलेली मादी होती. पिंजऱ्यात कोंडून ठेवल्याने तिचा कणा वाकला होता. तिथेही चोरटे धंदे संपलेले नाहीत, पण खरेदीदाराच्या हातात निदान एक प्रश्न आला.

मांजरांबद्दल तर प्रश्न विचारायलाही जागा नाही. २०१७ चे नियम फक्त कुत्र्यांचे. दुकानांचे नियम मांजराच्या विक्रीला लागतात, पैदाशीला नाही. मांजरी पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते, त्यामुळे वर्षाला तीन वेतं निघतात. बाजारात 'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच फेस' अशी प्रतवारी आहे. नाक जितकं आत, तितका भाव वर, आणि श्वास तितका अवघड. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. साध्या तपासणीने कळणारी गोष्ट आहे, पण पैदाशीआधी ती करायला कोण सांगणार? राज्याने यासाठी वेगळे नियम करावेत आणि आपण तशी शिफारस करावी.

(दोष सगळा विकणाऱ्यांचा नाही, हेही लिहून टाकते. 'हच' या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घराघरांत पग आले. जातीचं नाव ठाऊक नसलेले लोक दुकानात "हचवाला कुत्रा" मागत. आता नागपूरच्या उन्हात हस्की फिरवतात. मीही पार्किंगमध्ये पैसे देताना आई कुठे आहे हे विचारलं नव्हतं.)

एक विनंती मात्र उलट बाजूची. जत, सांगोला, मंगळवेढ्याकडे कारवान कुत्री पिढ्यान्‌पिढ्या वस्तीवर जोपासली जातात. ससा धरणारी, राखणीची, उन्हाला न हरणारी. सीमेपलीकडे मुधोळला, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानात, कारवानच्याच घराण्यातली मुधोळ हाउंड आहे आणि कर्नाटकाने तिच्यासाठी संशोधन केंद्र काढलं आहे. वर्षा-दोन वर्षांनी एक वेत काढून चार पिल्लं देणाऱ्या मेंढपाळाला आणि फ्लॅटमध्ये सहा माद्या कोंडणाऱ्याला एकाच पाच हजारांच्या अर्जात बसवू नका. इंग्लंडमध्ये वर्षात तीन वेतं झाली की परवाना लागतोच; त्याखाली धंदा म्हणून करतो का, हे पाहतात. आपणही छोट्यांसाठी नाममात्र शुल्काची साधी नोंदणी ठेवावी. चिप मात्र दोघांनाही लागावी.

ती गॅलरीतली मादी पुढे कुठे गेली ते मला ठाऊक नाही. दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा फ्लॅट भाड्याने लावलेला होता आणि गॅलरीची जाळी तशीच होती. शेजारच्या आजी म्हणाल्या, "नेली टेम्पोतून सगळी."

आपली,
पुण्यातील एक श्वानपालक

ता. क. : तिच्या पिल्लाच्या लसीचं कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्यावर पिल्लाचं नाव, जात, रंग आणि माझा फोन नंबर लिहायला जागा आहे. आईच्या चिप क्रमांकासाठी एक रकाना वाढवायला सांगा.