डब्यातलं घर आणि अपरिग्रह

आमच्या पुतण्याला कणकवलीच्या जागेत जहाजावरचा जुना थंड कंटेनर आणून छोटं घर करायचंय. म्हणे, "काकू, कमी जागा म्हणजे अपरिग्रहच!"

मी बी.कॉम., आधी हिशेब. बाहेरून 40 फूट बाय 8, आत रुंदी जेमतेम साडेसात. भिंतीत फोम, वारा नाही. खिडकी कापा, की त्या कडेतून आपला पाऊस फोममध्ये. मग दिवसभर एसी. कसला अपरिग्रह?

शिवाय असे डबे कोळंबी, मांस वाहतात. त्यात मी स्वयंपाक करू? महाराजसाहेबांना गोचरीला बोलवू?

जांभा चिरा खाणीतून मऊ निघतो, हवेवर कडक होतो. खाणीतही हिंसा आहे, मान्य. पण सासऱ्यांनी बांधलेलं चिऱ्याचं घर अजून उभं आहे, एसीशिवाय.