फोन भरला, पेटी रिकामी

१५ एप्रिलची सकाळ. आदल्या रात्रीच्या मिरवणुकीने पाय दुखत होते, घसा बसला होता, आणि चहाबरोबर घरात भांडण सुरू झाले होते. भांडणाचे कारण विचाराल, तर फोन भरला! आमच्या घरात माणसे पाच आणि फोन चार. चौघांच्याही फोनवर एकच निरोप : जागा शिल्लक नाही. थोरल्याने मिरवणुकीचा व्हिडिओ काढला होता. धाकटीने तोच पुन्हा काढला होता, आणि नंतर दोघांनी तो एकमेकांना पाठवलाही होता. त्यात गल्लीतल्या पन्नास जणांनी पाठवलेल्या शुभेच्छांची चित्रे. फोन म्हणजे शेवटी डबाच. पाच किलोच्या डब्यात आठ किलो पीठ कसे मावणार?

थोरला चिडला आणि सपासप खोडत सुटला. मुलांची आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, बघून तरी खोड! आजीचं काही जाईल त्यात." पोराचा अंगठा जागच्या जागी थांबला. आजीचे नाव निघाले की आमच्या घरात सगळ्यांचेच हात थांबतात. त्याचे कारण वाचकांना सांगितले पाहिजे, कारण असे अनेकांच्या घरी झाले असेल, नसेल तर उद्या होईल.

आमची आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटची चार वर्षे ती धाकट्या भावाकडे होती. भाऊ हौशी. आई भाजी निवडताना, नातवंडांना ओरडताना, दाराशी बसून शेजारणीशी बोलताना, असे कितीतरी व्हिडिओ त्याने काढले होते. सगळे त्याच्या एका फोनमध्ये. आई गेल्यावर तीनच महिन्यांनी तो फोन पाण्याच्या बादलीत पडला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि मान हलवली. आतली पाटीच गेली होती.

भाऊ म्हणाला, "घाबरू नका, सगळं गूगलवर असतं." असतेही. पण उघडायचे कसे? फोन नाक्यावरच्या दुकानातून घेतलेला. दुकानातल्या पोराने पाच मिनिटांत जीमेलचा आयडी काढून दिला, पासवर्ड आपल्याच मनाने टाकला आणि फोन हातात ठेवला. तो पासवर्ड ना भावाने लिहून घेतला, ना त्या पोराच्या लक्षात राहिला. फोनचा जुना नंबरही रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. म्हणजे कुलूप कोठे आहे ते ठाऊक, आत काय आहे तेही ठाऊक, पण किल्ली नाही. त्यातून गूगलने २०२३ मध्ये नियम केला की, जे खाते दोन वर्षे कोणी वापरले नाही, ते आतल्या सगळ्या सामानासह खोडले जाऊ शकते. आईच्या व्हिडिओंची मुदत अशी आमच्या डोळ्यांदेखत संपत आली.

यात दोष कोणाचा? दुकानातल्या पोराचा थोडा, भावाचा थोडा, पण जास्त आमच्या सगळ्यांच्या समजुतीचा. फोनमध्ये आहे म्हणजे आपल्याजवळ आहे, अशी आपली समजूत झाली आहे. ती खरी नाही. लोक 'क्लाऊड' म्हणतात, म्हणजे ढग. ढग कसला घेऊन बसलात! कुठल्या तरी कंपनीच्या इमारतीत ओळीने लावलेले संगणक, एवढाच त्याचा अर्थ. तेथे आपण भाडेकरू. आणि भाडे वाढवायचे की नाही, खोली केव्हा रिकामी करून घ्यायची, हे घरमालक ठरवतो.

गूगलचेच बघा. २०१५ मध्ये त्यांनी फोटो ठेवायची सोय काढली, तेव्हा थोडे लहान करून कितीही फोटो फुकट ठेवा, असे सांगितले. लोकांनी ठेवले. सवय लागली. १ जून २०२१ पासून तो फुकटचा कारभार थांबला. आता फोटो, ईमेल आणि बाकीच्या फायली मिळून १५ जीबीपर्यंत फुकट, त्यापुढे दरमहा पैसे. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपची गूगलवर ठेवलेली प्रतही पूर्वी या हिशेबात धरत नसत, ती २०२४ पासून धरू लागले. त्यांनी धंदा करू नये असे आमचे म्हणणे नाही. पण फुकटच्या पंगतीला बसताना पुढचे ताट विकतचे असेल, हे आपण ओळखून असावे.

आणि पैसे भरले तरी माल आपला झाला, असे समजू नका. २००९ साली ॲमेझॉन कंपनीने लोकांनी पैसे देऊन घेतलेली दोन पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रातून परस्पर काढून घेतली. पुस्तके जॉर्ज ऑर्वेल या लेखकाची होती, आणि विकणाऱ्याकडे ती विकण्याचा हक्कच नव्हता, असे कारण निघाले. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीने माफीही मागितली. पण कागदाचे पुस्तक असे कोणी रात्री येऊन फळीवरून उचलून नेईल काय? दरमहा पैसे भरून गाणी ऐकण्याची जी ॲप्स आहेत, त्यांत उतरवून घेतलेल्या गाण्यांचेही तेच. वर्गणी थांबली की ती गाणी मुकी. फोनमध्ये असूनही ती आपली नसतात.

ऑर्कुट आठवते का? आमच्या चाळीतली पहिली कॉलेजात गेलेली पोरे त्यावर फोटो चढवायची. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झाले. मायस्पेस नावाच्या अमेरिकी संकेतस्थळावर लोकांनी आपली गाणी चढवली होती. सामान एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवताना २०१५ पूर्वीची गाणी गेली, हे २०१९ मध्ये जाहीर झाले. टिकटॉकची गोष्ट तर घरोघरची आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. बंदी योग्य की अयोग्य, तो वाद येथे नको. पण धुणीभांडी करणाऱ्या बायका, रिक्षावाले, शेतमजुरांची पोरे त्यावर नाचत-गात होती. ज्यांना कोणी कधी माईक दिला नव्हता, त्यांना तेथे बघणारे मिळाले होते. ज्यांनी आपल्या व्हिडिओंची प्रत आपल्याकडे ठेवली होती, त्यांचे काम वाचले. बाकीच्यांचे एका दिवसात नजरेआड झाले.

आता जुन्या जमान्याकडे वळू. तरुण वाचकांनी हसू नये. आमच्या घरात पलंगाखाली पत्र्याची एक पेटी आहे. तीत शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, आप्पांचे गिरणीतले ओळखपत्र, चार जुने फोटो आणि सतरा कॅसेटी आहेत. कॅसेट ही फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली वस्तू. आपल्याकडे ती घरोघर पोहोचली १९८०च्या दशकात. टेप स्वस्त झाले, कॅसेटी स्वस्त झाल्या, आणि ज्यांची गाणी रेडिओवर क्वचित लागत, त्या आपल्या गायकांचा आवाज घरात आला. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने जागी न झालेली वस्ती तेव्हा शोधून सापडली नसती. कॅसेट गुंतली तर पेन्सिल घालून फिरवायची. पुसली जाऊ नये म्हणून पाठीवरचे प्लास्टिकचे दोन दात मोडून टाकायचे. पुन्हा भरायची झाली, तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची. सगळे यंत्र आपल्याला कळत होते, आणि कॅसेट एकदा घेतली की ती आपली. कोणी दूर बसून ती बंद करू शकत नव्हते.

पण म्हणून जुने ते सोने, असेही आम्ही म्हणणार नाही. कॅसेटला बुरशी येते, फीत ताणली जाते, आवाज हळूहळू विरतो. आणि आता ती वाजवायला टेप कोणाकडे आहे? आमच्याकडेही नव्हता. शेजारच्या कांबळे आजोबांच्या माळ्यावर एक निघाला. पट्टा बदलल्यावर चालला.

त्या सतरांपैकी एका कॅसेटवर १९९१ सालचे आमचे आप्पा आहेत. १९८२च्या संपात गिरणी सुटली, पुढे मिळेल ते काम केले, पण गाणे सोडले नाही. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत ढोलकी घेऊन बसत. एका मित्राने टेप समोर ठेवून तासभर भरून घेतले, एवढीच ती कॅसेट. शेजारच्या घरची मुलगी संगणकाचा कोर्स करते. तिने टेपच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाला वायर जोडली, ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला आणि कॅसेट सुरू केली. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. तयार झालेली फाईल साधारण ६० एमबीची. म्हणजे मिरवणुकीच्या एका लहान व्हिडिओएवढी!

आम्ही सगळे भोवती बसलो होतो. आप्पा गात होते. दुसऱ्या बाजूला, एका कडव्याच्या मधेच, मागून एक बाई मोठ्याने बोलली, "पाणी आलं! हंडे लावा अगोदर, गाणं कुठं पळून जात नाही." आप्पा थांबले, हसले, कॅसेटवरची माणसे हसली, आणि ढोलकी पुन्हा सुरू झाली.

ती आमची आई. पस्तिशीतली, खणखणीत आवाजाची. खोलीत कोणी काही बोलले नाही. धाकटा भाऊ उठून गॅलरीत गेला.

तर वाचक बंधू-भगिनींनो, आमचे मत सांगतो. फोन वाईट नाही. ज्या आईचा आयुष्यात एकच स्टुडिओतला फोटो होता, तिचे हजार फोटो निघाले, ही या यंत्राची कृपाच. पण हजार फोटो एका फोनमध्ये ठेवणे म्हणजे घरातले सगळे दाखले खिशात घालून लोकलच्या दारात उभे राहणे. भाड्याच्या खोलीत राहायला कोणाची हरकत नाही. पण दाखले कोणी मालकाच्या कपाटात ठेवतो काय?

आमच्या घरी आता काही नियम केले आहेत. पटले तर तुम्हीही करा.

प्रत्येक फोनचा आयडी, पासवर्ड आणि तो ज्या नंबरला जोडला आहे तो नंबर एका वहीत लिहिला. वही पेटीत, दाखल्यांच्या पिशवीत. दुकानात आयडी काढायला कोणाला बसवू नका. घरातले पोर बसवा, आणि पासवर्ड आपण ठेवा.

जपायचे ते दोन ठिकाणी ठेवायचे. आम्ही एक पेनड्राइव्ह पेटीत ठेवला, दुसरा बहिणीकडे. रस्त्यावर स्वस्तात मिळणारी मोठ्या आकड्याची कार्डे घेऊ नका. वर लिहिलेला आकडा आणि आतली जागा यांचा पुष्कळदा मेळ नसतो. आणि पेनड्राइव्ह ठेवून विसरू नका, वर्षातून एकदा लावून बघा. आम्ही त्यासाठी १५ एप्रिल ठरवला आहे.

व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो लहान होऊन जातो. जपायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे जसा आहे तसा जातो. त्याच ॲपच्या सेटिंगमध्ये जागा कशाने खाल्ली ते दाखवणारा रकाना आहे. तेथून सकाळ-संध्याकाळच्या शुभेच्छांची चित्रे खुशाल खोडा.

आणि वर्षाला दहा फोटो तरी कागदावर छापून घ्या. मागे नाव, गाव, साल लिहा. कागदाला चार्जर लागत नाही.

आईच्या फोनमधल्या व्हिडिओंचे काय झाले? एक सापडला. भावाने तो पूर्वी कधीतरी गावच्या मामेबहिणीला पाठवला होता. लहान होऊन गेलेला, अंधूक, चाळीस सेकंदांचा. आई चुलीपाशी बसली आहे आणि भावाला म्हणते आहे, "ते बंद कर आणि आधी जेवून घे."

तो आता तीन घरांत आहे. बाकीचे त्या कुलपाआडच राहिले.