साठीत शिडाची बोट? जरूर घ्या, पण…

मिशिगनमध्ये स्थायिक झालेले माझे एक जुने पेशंट सेकंडहँड ‘कॅटालिना २२’ घेत आहेत. गाडीमागे ट्रेलरवर ओढून तळ्याकाठी नेता येते अशी ही शिडाची बोट. वीस वर्षांचं स्वप्न. वय ६१, बीपीची गोळी चालू. घरच्यांचा प्रश्न एकच, हार्टला झेपेल का?

बीपी आटोक्यात असेल, जिने चढताना छाती भरून येत नसेल, तर जरूर घ्या, असं माझं मत आहे. आणखी पाच वर्षं थांबून गुडघे काही सुधारणार नाहीत!

मला जास्त काळजी गार पाण्याची वाटते. एप्रिलमध्ये तिथे ऊन छान पडतं, पण तळ्याचं पाणी बर्फासारखं असतं. त्यात अचानक पडलात की आपोआप जोरात श्वास ओढला जातो, नाडी आणि बीपी एकदम वाढतात. तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात. त्या पहिल्या मिनिटात पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना शिडाचा आडवा दांडा डोक्याला लागला, तर बरं वाटत असलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर बोट लागू नये म्हणून घेतात त्यातल्या काही गोळ्यांनी लघवी अडते, आधी डॉक्टरांना विचारा. आणि डोलकाठी एकट्याने उभी करू नका, कंबर धरेल.